हौशी शर्यतींची शिस्त: गावच्या रस्त्यापासून नारिंगी शंकूंपर्यंत

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. जुन्या, वेगवान मोटारी जिवापाड जपणारी माणसं त्या पळवतात कुठे, आणि त्या पळवण्याची व्यवस्था कोण लावतं? ऐकायला हा श्रीमंतांच्या शौकाचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. हौसेखातर भरवलेल्या कार्यक्रमात कुणाचा जीव गेला, तर जबाबदारी कुणाची? अमेरिकेतल्या हौशी क्लबांना हा प्रश्न फार लवकर भेटला. १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत त्यांनी त्याचं उत्तर कसं शोधलं, ते आज पाहू.

सुरुवात १९४४ पासून करू. युद्ध चालू आहे, पेट्रोल रेशनवर आहे. अशा वेळी बोस्टनकडच्या काही मंडळींनी ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन केला. हेतू साधा होता: चांगल्या स्पोर्ट्स कार मोडीत जाऊ नयेत. शर्यती नंतर आल्या. पण मोटार जपायची म्हटल्यावर ती चालवावी लागते, आणि चालवायची म्हटल्यावर जागा लागते. इथून खरी गोष्ट सुरू होते.

न्यूयॉर्क राज्यात सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं गाव आहे. कॅमेरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने गावकऱ्यांना शर्यतीसाठी राजी केलं. २ ऑक्टोबर १९४८ रोजी ती झाली. मार्ग ६.६ मैलांचा, म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटरचा. कुठे डांबर, कुठे सिमेंट, कुठे चक्क माती. वाटेत रेल्वेचं फाटक होतं, म्हणून शर्यतीपुरत्या गाड्या थांबवून ठेवल्या. जिंकला फ्रँक ग्रिसवोल्ड, तोही युद्धापूर्वीच्या अल्फा रोमिओत. म्हणजे बघा, युद्धोत्तर अमेरिकेतली ही पहिली मोठी रस्ता-शर्यत जुन्या मोटारीनेच जिंकली.

गावाला ती जत्राच वाटली. लोक फूटपाथवर उभे, आणि हातभर अंतरावरून मोटारी जाताहेत. १९५० साली सॅम कॉलियर हा नावाजलेला हौशी चालक इथेच फेरारीच्या अपघातात गेला. तरी शर्यत चालू राहिली. चालकाने धोका स्वतःहून पत्करला होता, असं म्हणता येत होतं. १९५२ साली मात्र मुख्य रस्त्यावर एका मोटारीचा धक्का प्रेक्षकांना लागला. सात वर्षांचा मुलगा मरण पावला, अनेकजण जखमी झाले. त्या मुलाने कुठलाच धोका पत्करला नव्हता. तो आपल्या गावात शर्यत बघत उभा होता, एवढंच. ‘हौसेला मोल नाही’ असं आपण म्हणतो, पण इथे मोल दुसऱ्यानेच मोजलं होतं. गावच्या मुख्य रस्त्यावरची शर्यत कायमची बंद झाली.

मग जायचं कुठे? उत्तर युद्धानेच ठेवून दिलं होतं: विमानांच्या धावपट्ट्या. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड ही दोन्ही मैदानं १९४८ सालीच जुन्या हवाई तळांवर उभी राहिली होती. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत. अमेरिकेत जनरल कर्टिस लमे या हवाई दलातल्या बड्या अधिकाऱ्याला स्वतःलाच स्पोर्ट्स कारचं वेड. १९५२ पासून त्याने आपल्या अखत्यारीतले तळ क्लबाला शर्यतींसाठी दिले. उत्पन्न जवानांच्या सोयींसाठी जायचं. जागा रुंद, झाडं नाहीत, प्रेक्षक लांब. पण सरकारी तळ खाजगी छंदासाठी का, असा सवाल उठला आणि १९५४ मध्ये हे दार बंद झालं.

यानंतर बंदिस्त मैदानं आली. रोड अमेरिका १९५५ साली, वॉटकिन्स ग्लेनचं स्वतःचं मैदान १९५६ साली, कॅलिफोर्नियातलं लागूना सेका १९५७ साली. सुरक्षितता वाढली, तसा खर्चही वाढला. मग ज्याच्याकडे एकच जुनी एमजी आहे आणि सोमवारी तीच घेऊन कामावर जायचं आहे, त्याने काय करावं?

त्याच्यासाठी दुसरा खेळ होता आणि त्याचं एक नाव आपल्या ओळखीचं आहे: जिमखाना! होय, मुंबईच्या आणि डेक्कनच्या जिमखान्यातलाच तो शब्द. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात तो रुळला, घोड्यांवरच्या कसरतींच्या खेळांना चिकटला आणि पुढे मोटारींच्या कसरतींनाही लागला. याच कुळातला खेळ म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळं पार्किंग घ्यायचं, नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखायची आणि वेळ मोजायची. स्पर्धा घड्याळाशी, शेजारी दुसरी मोटार नाही. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पाडला की २ सेकंदांचा दंड.

आयोजनाची खरी गंमत पुढे आहे. सकाळी प्रत्येक मोटार तपासली जाते: चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी हलत नाही ना, ब्रेकचं पेडल खाली बसत नाही ना, आत काही सुटं पडलेलं नाही ना. चाळीस वर्षांच्या मोटारीत यातली एखादी गोष्ट हमखास निघते. मग चालकांचे गट पडतात. एक गट मोटारी चालवतो, तेव्हा दुसरा ऊन खात मैदानात उभा राहून पडलेले शंकू उचलतो. नंतर अदलाबदल. मोटार कितीही महागडी असो, शंकू उचलायची पाळी चुकत नाही. आणि जो स्वतः तिथे उभा राहिलेला असतो, त्याला वेगाचा अर्थ नीट कळतो. १९७३ साली क्लबाने या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली.

ज्यांना मोठ्या मैदानावर जुन्या मोटारी पळवायच्या होत्या, त्यांनीही स्वतःवर बंधनं घातली. पुष्कळ व्हिंटेज क्लबांत धडकेला जबाबदार ठरलेल्या चालकाला १३ महिने बाहेर बसवण्याचा दंडक आहे. बारा नव्हे, तेरा. म्हणजे पुढच्या वर्षीचा तोच कार्यक्रमही हुकतो. तिथे जिंकण्यापेक्षा मोटार आणि माणूस धड घरी पोचणं मोठं मानतात.

एक योगायोग सांगून थांबतो. अमेरिकेची राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा गेली कित्येक वर्षं नेब्रास्कात लिंकनला भरते, आणि ती जागा एकेकाळी लमेच्याच दलाचा तळ होती. मोटारी पुन्हा धावपट्टीवर आल्या, पण या वेळी कुणा जनरलच्या मर्जीवर नव्हे, तर नियमावली घेऊन. त्यातले पुष्कळसे नियम कंटाळवाणे आहेत. नट तपासा, प्रेक्षक मागे ठेवा, आपली पाळी आली की शंकू उचला. पण ‘प्रेक्षक मागे ठेवा’ हे वाचताना १९५२ सालचा तो फूटपाथ आठवावा. मग ते कंटाळवाणं वाटत नाही.