चार्ल्सटनचं बंदर बंद, आष्टीत कापूस तेज

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या त्या घराला पुढची खोली उरलेलीच नाही. दारापासून आढ्यापर्यंत कापूस भरलाय. बाज ओसरीत आली आहे, मुलांची दप्तरं चुलीशेजारी गेली आहेत. नोव्हेंबर २०२५. दिवाळी होऊन गेली, हरभरा पेरायचा आहे, बियाण्याला पैसे हवेत, तरी घरधनी अजून कापूस विकत नाही.

"भाव पाहून राह्यलो," तो म्हणतो. "हात घालून पाहा आत. गरम लागते."

तुम्ही कोपरापर्यंत हात खुपसता. वरचा थर गार, पण आत खरंच ऊब आहे. बोटांना सरकी टोचते, एखादं सुकलेलं पान चुरतं. डोळे मिटा.

हात बाहेर काढाल तेव्हा साल १८६४ असतं.

संक्रांत नुकतीच झाली आहे. विजेचे खांब नाहीत, तळेगावचा महामार्ग नाही, एसटी नाही. महंमद खान नियाझीचा मकबरा मात्र तोच. १६२७ साली वारलेल्या त्या मोगल सरदाराची कबर आत्ताच सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. नागपुरातून निघून वर्धा हा वेगळा जिल्हा झाला त्याला दोनच वर्षं झालीत. नदी ओलांडली की वऱ्हाड. आगगाडी नागपूरला पोचायला अजून तीन वर्षं आहेत, म्हणून माल बैलगाडीनेच पश्चिमेकडे जातो. रस्ताभर गाड्यांच्या रांगा आणि धुरळा. बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस लांबून फुलोऱ्यासारखा दिसतो.

एका अंगणात व्यापाऱ्याचा माणूस बसला आहे. त्याच्यासमोर राणीच्या छापाच्या रुपयांची चळत. पऱ्हाटी अजून शेतात उभी आहे, शेवटचा वेचा व्हायचा आहे, आणि हा त्याची उचल आजच देतो आहे. कास्तकार म्हातारा आहे. एकेक रुपया तो दगडावर वाजवून घेतो.

"इतका भाव काहून देता, शेठ?" तो विचारतो.

"लढाई लागली हाय. अमेरिकेत."

"ते कोठीसा आलं?"

त्या माणसालाही ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं. १९ एप्रिल १८६१ रोजी अब्राहम लिंकनने बंडखोर दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. चार्ल्सटन, सव्हाना, मोबील इथून कापसाची जहाजं सुटणं जवळपास थांबलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा पाचातले चार हिस्से कापूस अमेरिकेतून यायचा. १८६२ मध्ये लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, लाखो कामगार मदतीच्या भाकरीवर आले. लिव्हरपूलला पौंडामागे सहा-सात पेन्सांना मिळणारा कापूस वीस पेन्सांच्या वर गेला. तोच वारा मुंबईवरून, अमरावतीवरून या अंगणात येऊन पोचला आहे. शत्रूचा व्यापार बुडवून त्याला नमवायचं, हे हत्यार जुनंच आहे. आज त्याला निर्बंध म्हणतात.

याच मुलखातल्या गाड्यांच्या चाकांना कास्तकारांनी चांदीच्या धावा चढवल्या, अशी गोष्ट तेव्हापासून सांगतात. तुम्ही गाडीखाली वाकून पाहता. धाव लोखंडाचीच आहे. पण म्हाताऱ्याच्या सुनेच्या हातात नवे गोट आहेत, गोठ्यात खिल्लारी जोडी आहे, आणि यंदा त्याने लग्नाला उधळपट्टीही केली आहे. ही सुबत्ता खोटी नाही. त्याच्या बापाने इतके रुपये एका जागी कधी पाहिले नव्हते. त्याने चार दिवस सुखाचे काढले, तर त्याला नावं ठेवण्याचा हक्क मला तरी वाटत नाही.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाला चला. मला तुम्हाला इथेच आणायचं होतं.

महारवाड्यात एका झोपडीसमोर माग उभा आहे, आणि त्यावर ताणा नाही. या भागातल्या महार बाया सूत काततात, पुरुष जाडंभरडं कापड विणतात, कास्तकार तेच नेसतात. कोष्टी त्याहून बारीक विणतात. पण कापूसच घेणं परवडेना, तर कातायचं काय? दाराशी बसलेली बाई टकळी हातात घेऊन उगाच फिरवते आहे. वीतभर अंतरावरून कापसाने भरलेल्या गाड्या जातात, आणि तिच्या हाताला काम नाही. हजारो कोसांवर लँकेशायरची विणकर बाई ज्या कारणाने रिकामी बसली, त्याच कारणाने हीसुद्धा. तिकडच्या बाईची नोंद पार्लमेंटच्या कागदांत झाली.

आणि ज्वारी. मागच्या दोन हंगामांत शेताच्या एकेका पट्टीतून ज्वारी हटली, तिथे पऱ्हाटी आली. रोजमजुरी करणारा माणूस पायली घेऊन दुकानाशी उभा राहतो, भाव ऐकतो आणि निम्मीच भरून घेतो. हाताला रुपया जास्त मिळतो, पोटाला दाणा कमी.

पुढच्या उन्हाळ्यात, ९ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. तोवर मुंबईत शेअरच्या सट्ट्यात, सट्टेबाज प्रेमचंद रायचंदासकट, सगळं शहर रंगलेलं होतं. समुद्र हटवून जमीन करायच्या बॅकबे कंपनीचे कागद सोन्याच्या भावाने विकले जात होते. १ जुलै १८६५ या सौदे मिटवण्याच्या दिवशी ते पत्त्यांसारखे कोसळले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्यावर पुस्तकं लिहिली गेली. आष्टीत एवढंच घडतं की व्यापाऱ्याचा माणूस येत नाही. म्हातारा वेशीपर्यंत जाऊन पाहून येतो. आठ दिवसांनी येतो तो सावकार, वही घेऊन. उचल गेल्या सालच्या भावाने घेतलेली, फेड या सालच्या भावाने. त्यात सारा ठरला आहे. जिल्ह्याची जमाबंदी नेमकी याच तेजीच्या वर्षांत चालली होती. बैलजोडी विकून वहीतला आकडा हलत नाही. खिल्लारी जोडी जाताना म्हातारा घरातून बाहेर येत नाही.

पण कापूस राहिला. नाकेबंदी उठली, अमेरिकेचा माल परतला, तरी इथल्या काळ्या मातीतून पऱ्हाटी हटली नाही, कारण आगगाडी आली होती, सारा रोखीत भरायचा होता आणि वही उघडीच होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात लोकांनी त्याची किंमत दिली. ते साल मी तुम्हाला दाखवत नाही.

हात पुन्हा कापसात घाला.

१९४२ चा ऑगस्ट. घरात माजघराच्या कोपऱ्यात मागच्या हंगामाचा कापूस पडून आहे. त्याला गिऱ्हाईक नाही. या भागाचा आखूड धाग्याचा कापूस बाजारात 'उमरा' म्हणून ओळखला जायचा, अमरावतीच्या नावावरून. त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान. १९३३ मध्ये कापडावरच्या जकातीच्या भांडणात जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला तेव्हाच या घराला पहिला झटका बसला होता. जुलै १९४१ मध्ये ब्रिटन-अमेरिकेसोबत हिंदुस्थान सरकारनेही जपानी मालमत्ता गोठवली, आणि व्यापार थांबला. मग सरकारनेच सांगितलं, आखूड कापूस कमी करा, धान्य पिकवा. ऐंशी वर्षांपूर्वी कापूस पेरा म्हणून मागे लागलेलं तेच सरकार.

दिवेलागण झाली आहे, दिवा लागत नाही. मार्चमध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ गेला, तिथलं मातीतेलही गेलं. दुकानदार कळशीभर मागणाऱ्याला बाटलीभर देतो, तीही ओळखीने. सुट्टे पैसे बाजारातून नाहीसे होऊ लागले आहेत. पुढच्या साली मध्ये भोक पाडलेला पैसा निघेल, तांबं वाचावं म्हणून. रुपयातली चांदी दोन वर्षांपूर्वीच निम्म्यावर आणली आहे. म्हातारीने जपून ठेवलेले जुने रुपये नव्याशेजारी वाजवून पाहा, आवाज वेगळा येतो.

१६ ऑगस्ट, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी महिनोन्महिने तापलेलं गाव झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर जातं. गोळीबार होतो. गावची माणसं पडतात, मग ठाण्यातले पोलीसही मारले जातात. पुढच्या दिवसांत फौज येते, घराघरांतून पुरुष नेले जातात. त्याच दिवशी चिमूरलाही तसंच घडलं. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या शिक्षा रद्द व्हायला १९४५ उजाडलं. लोक पोटासाठी ठाण्यावर गेले असं मी म्हणणार नाही. ते स्वराज्यासाठी गेले, हुतात्मा स्मारक त्यासाठीच उभं आहे. पण त्या रात्री ज्या घरांतून रडणं ऐकू आलं, त्या घरांत दिवा नव्हता, आणि कोपऱ्यात न विकलेला कापूस होता. हेही तितकंच खरं आहे.

आता परत या. वाटेत २०२२ वर क्षणभर थांबा, म्हणजे या भरलेल्या खोलीचं कोडं सुटेल.

फेब्रुवारीत रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली. सूर्यफुलाचं तेल महागलं. बेलारूसच्या पोटॅशची वाट लिथुआनियाने आधीच अडवली होती. कृषी केंद्रात पोटॅशची गोणी १,७०० रुपयांवर गेली. डीएपीची गोणी सरकारने अनुदान देऊन १,३५० वर धरली, पण ती मिळायला पहाटेपासून रांग. त्याच उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्याला युद्ध एकटंच कारण नव्हतं, देशात पीकही कमी होतं. ज्यांच्याकडे माल थांबवण्याची ऐपत होती त्यांना तो भाव मिळाला. या घरधन्याने दिवाळीतच विकला होता. पुढच्या साली त्याने माल ठेवला, मे महिन्यापर्यंत. कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली, फोड आले, आणि भाव उतरतच गेला.

आणि यंदा, २०२५ मध्ये? रशियाचं तेल घेतल्याचा दंड म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा कर लावला. २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के. तिरुपूर-सुरतच्या मागण्या अडकल्या. गिरण्यांना स्वस्त माल मिळावा म्हणून सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत उचलला. तेल शुद्ध करणारे कारखाने जामनगरला, खरेदीचा निर्णय दिल्लीत, दंड वॉशिंग्टनमध्ये. त्याची वजाबाकी या खोलीत होते.

लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आहे. त्यासाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पेरा हवा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. अवकाळी पावसात वेचलेला कापूस त्यात कसा बसेल? म्हणून वरचेवर खोलीतला ढीग हाताने वरखाली करावा लागतो.

दाराशी छोटा टेम्पो येऊन थांबतो. खेडा खरेदीवाला. काटा त्याच्या खांद्यावरच आहे.

"काका, सात हजाराच्या खाली-वर. रोख. आज देता का?"

घरधनी तुमच्याकडे पाहतो. तुम्ही १८६४ पाहून आलात, १९४२ पाहून आलात, त्याला काय सांगाल? तुमच्या बाहीला अजून कापूस चिकटलेला आहे.

आतून त्याची बायको म्हणते, "हरभऱ्याच्या बियाण्यापुरता देऊन टाका. बाकीचा राहू द्या."

तो पायरी चढून आत जातो, आणि पहिलं गाठोडं बांधायला वाकतो.