रेडिओची पाठ

आमच्या घरात रेडिओच्या आधी रेडिओचं लायसन्स आलं, असं आजोबा सांगत. पोस्टातून मिळालेलं लहानसं पुस्तक, वर पणजोबांचं नाव आणि आत दर वर्षीची फी भरल्याची तिकिटं चिकटवायची जागा. आजोबांनी पोरवयातच लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं होतं. तिथे निकामी सेटांचे भाग जमवून त्यांनी घरासाठी एक रेडिओ जुळवत आणला होता, पण पुस्तक हातात पडेपर्यंत पणजोबांनी तो घरात आणू दिला नाही. पणजोबांचं बरोबर होतं. 1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. त्यावर काय ऐकलं, ऐकलं की नाही, हा प्रश्न पुढचा.

त्या कायद्याच्या मागे आणखी जुना एक कायदा उभा होता, 1885 चा टेलिग्राफचा. तारेने निरोप पाठवण्याची व्यवस्था उभारण्याचा हक्क फक्त सरकारचा, बाकी कोणाला करायची असेल तर सरकारने परवाना दिला पाहिजे, आणि आणीबाणीच्या प्रसंगी कोणाचाही निरोप सरकार अडवू शकतं, उघडून पाहू शकतं, हे त्यात लिहिलेलं होतं. 1857 नंतरचं राज्य ज्या तारांच्या भरवशावर उभं होतं, त्या तारा दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत ही त्यामागची काळजी. इंग्रज गेले, कायदा राहिला. रेडिओचं लायसन्सही स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चार दशकं चालू राहिलं. आजोबांच्या दुकानात सेट दुरुस्तीला आला की गिऱ्हाइकाकडे ते पुस्तक मागायची पद्धत होती आणि अनेकांची फी थकलेली असायची. ‘त्यांना मी दोन दिवसांनी या म्हणायचो,’ आजोबा सांगायचे, ‘आणि मधल्या वेळात पोस्टात जाऊन या, असंही.’

आजोबांची एक सवय मला फार आवडायची. नवीन सेट समोर आला की ते आधी तो उलटा फिरवायचे. व्हॉल्व्हच्या रेडिओला पाठीमागे भोकं पाडलेला पुठ्ठा असायचा. चार स्क्रू काढले की सगळं उघडं: व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कॉइली, मेण लावलेले कंडेन्सर. काही कंपन्या सर्किटचा नकाशाच आत चिकटवून द्यायच्या. ‘पुढची बाजू कंपनीची, मागची आपली,’ ते म्हणायचे. मी आठवी-नववीत असताना त्यांनी मला डाग द्यायला शिकवलं. कथिल वितळून जोडावर चकाकत बसलं पाहिजे, मळकट दिसलं तर जोड कच्चा. आईला हे फारसं पसंत नव्हतं, पण तिने अडवलं नाही.

ही मागची बाजू आपली असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला कळलं ते त्यांच्या 1942 च्या गोष्टींतून.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हौशी वायरलेसवाल्यांचे परवाने रद्द केले आणि त्यांना आपली यंत्रं जमा करायला लावली. सगळी जमा झाली नाहीत. काहींनी सेट सुटा केला आणि भाग इकडेतिकडे ठेवले. सुटा भाग ओळखू येत नाही. कॉइल ही कॉइल असते, ती ऐकण्याच्या यंत्रातली की बोलण्याच्या, हे ती जोडणाऱ्याला ठाऊक. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. पोलीस त्यांच्या दुकानात आले आणि फळीवरचे सेट मोजून गेले. फळीखालच्या खोक्यातले सुटे भाग त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. त्या खोक्यात गुन्ह्याचं काही होतं असं मुळीच नाही. पण मालकाच्या कपाळावर आलेला घाम आजोबांना शेवटपर्यंत आठवत होता.

9 ऑगस्टला सगळे मोठे नेते एका पहाटेत पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं होती, आकाशवाणी सरकारची होती. तेव्हा मुंबईतूनच 42.34 मीटरवर एक आवाज सुरू झाला: काँग्रेस रेडिओ. तो चालवणारी उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी, सोबत विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी असे तरुण. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवानी सामानाची मदत करत होते आणि बातम्या, भाषणं यांच्यामागे राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन अशी भूमिगत मंडळी होती. वर्ध्याजवळचं आष्टी आणि चांद्याकडचं चिमूर इथे लोकांवर काय अत्याचार झाले, हे छापायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, तेव्हा या रेडिओने ते सांगितलं. दिशा शोधणाऱ्या गाड्या घेऊन पोलीस मुंबईभर फिरत होते, म्हणून सेट थोड्या थोड्या दिवसांनी घर बदलायचा.

आजोबांच्या चाळीत तो कोणी ऐकत होतं का? होतं, असं ते सांगत. एका खोलीत, दार लावून, आवाज इतका बारीक की माणसं सेटला कान लावून बसायची आणि एक जण ऐकून बाकीच्यांना सांगायचा. आजोबांना आत घेतलं जाई, कारण स्टेशन सरकलं की काटा पुन्हा जाग्यावर आणायचं कसब त्यांच्याकडे होतं.

12 नोव्हेंबर 1942 च्या रात्री गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दारं फोडली. त्या वेळी वंदे मातरमची तबकडी चालू होती आणि ती थांबवायला उषाबाईंनी नकार दिला. महिनोन्महिने चौकशी झाली, त्या काही बोलल्या नाहीत, आणि चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याला गेल्या. पोलिसांना जागा दाखवली होती ती ज्याने यंत्र जुळवलं त्याच तंत्रज्ञाने, पकडला गेल्यानंतर. आमच्या घरातली मोठी माणसं त्याचं नाव तिटकाऱ्याने घ्यायची. आजोबा मात्र घेत नसत. ते म्हणायचे, ‘बोलणारे पुष्कळ होते, ऐकणारे हजारो होते, आणि यंत्र उघडता येणारा एक. त्या एकाचा हात पिरगळला की संपलं.’ त्या माणसाची बाजू घेणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना दुःख होतं ते दुसरा, तिसरा, दहावा हात तयार नव्हता याचं. मला वाटतं, मला डाग द्यायला शिकवण्यामागे हेच होतं.

आजीची बहीण डिचोलीला दिली होती. तिच्या गोष्टी वेगळ्याच. सालाझारच्या राजवटीत गोव्यात काही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवायचं, लग्नाची पत्रिकासुद्धा. मुहूर्त, वधूवरांची नावं, यजमानांची नावं, आणि यावर कोणा अंमलदाराची संमती. मावशीआजी हे सांगताना दर वेळी थांबायची, जणू समोरच्याला ते खरं वाटणार नाही याची तिला खात्री होती. घरचं शुभकार्य सरकारने वाचून पाहायचं, याचा तिला आलेला राग पन्नास वर्षांनीही निवला नव्हता.

त्याच गोव्याच्या सीमेबाहेर, घाटातल्या जंगलात, 1955 च्या नोव्हेंबरपासून एक गुप्त केंद्र बोलू लागलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. आंबोली, मग कॅसलरॉक, ट्रकवर चढवलेला ट्रान्समीटर, कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषा. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षं, ते थांबलं नाही. या केंद्राची यंत्रं कुठून आली ते आजोबांना कळलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले होते. 1954 साली दादरा-नगरहवेली सोडवताना पोर्तुगीजांकडून हाती लागलेले वायरलेस संच फेरफार करून वापरले गेले होते. त्या मुक्तिसंग्रामात आपले सुधीर फडकेही होते हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्या संचांचं पुढे काय झालं हे फार कोणाला माहीत नाही. हुकूम पोचवायला केलेलं यंत्र उघडलं गेलं, त्याच्या जोडण्या बदलल्या, आणि ते हुकमाविरुद्ध बोलू लागलं. हे घडलं, कारण उघडू नये अशी सोय त्या यंत्राच्या कर्त्याने केलेली नव्हती.

स्वतंत्र भारतातही रेडिओ सरकारचाच राहिला. 1952 मध्ये नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं, ते पुण्याचेच. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कितीतरी गवयांच्या घरी चूल पेटली ती आकाशवाणीमुळे. पण लोकांनी काय आवडून घ्यावं हेही त्यांनी ठरवायला घेतलं. चित्रपटगीतं कमी केली, निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गेलीच. आत्या तेव्हा शाळेत होती. ती सांगते, कोणी मोर्चा काढला नाही, कोणी अर्ज केला नाही. सगळ्या चाळीने काटा कोलंबोकडे वळवला. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की खाली गल्लीत चालताना एक शब्द चुकत नसे. अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणीबाणीत हाच काटा रात्री बीबीसीवर जायचा. वर्तमानपत्रं सेन्सॉरला दाखवून निघत होती, आणि आत्याचे यजमान उशीखाली ट्रान्झिस्टर घेऊन झोपत. सरकारचं लायसन्स असलेला सेट सरकारला न विचारता समुद्रापलीकडचं ऐकू शकत होता. काटा कुठे थांबला याची नोंद कुठेही होत नव्हती.

लॅमिंग्टन रोडवर त्या दुकानमालकाचा नातू आता फोन दुरुस्त करतो. मध्यंतरी त्याने मला एका महागड्या फोनची पाठ दाखवली. स्क्रू नाहीत, गोंदाने बंद. गरम हवा देऊन त्याने ती सोडवली. त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा अस्सल पडदा त्याने बसवला, काडीचा फरक नाही, आणि फोन सुरू झाल्यावर त्यावर सूचना उमटली की हा भाग ओळखीचा नाही. ओळख पटवायची ती कंपनीच्या संगणकाने, तीही कंपनीच्या मर्जीने. ‘ताई, भाग आहे, हात आहे, परवानगी नाही,’ तो म्हणाला. त्याच्या आजोबांच्या दुकानात परवानगी सरकारची लागत होती आणि ती कागदावर होती. आताची फोनच्या आतच बसवलेली आहे.

आणि हे फक्त दुरुस्तीपुरतं नाही. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने किंडलवर विकलेली जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तकं लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असं कारण होतं, पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण लोकांना त्या दिवशी कळलं की कपाटातलं पुस्तक कोणी दुरून काढून घेऊ शकतं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगची आंदोलनं चालू असताना पोलीस कुठे आहेत हे दाखवणारं एक ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढलं. ॲपलच्या फोनांमध्ये दुसरं दुकानच नव्हतं. पूर्वी सरकारला घरोघर फिरून सेट मोजावे लागत. आता एका कंपनीला पत्र पाठवलं की पुरतं.

असं पत्र आपल्याकडेही गेलं. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्यांना सांगितलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासून घालून द्या. चोरीचे फोन आणि फसवणूक थांबवणं हा हेतू सांगितला गेला, आणि फसवणुकीने माझ्या ओळखीची म्हातारी माणसं खरोखर नागवली गेली आहेत, म्हणून तो हेतू मी हलक्यात घेत नाही. तरी माझ्या खिशातल्या यंत्रात काय असावं हे मला न विचारता ठरणं मला मान्य नाही. लोकांनी आवाज उठवला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घेतली गेली. 1885 च्या कायद्याची जागा घ्यायला 2023 साली नवा दूरसंचार कायदा आला आहे, आणि निरोप अडवण्याचा, सेवा बंद करण्याचा अधिकार त्यातही आहे. काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 नंतर वेगवान मोबाइल इंटरनेट परत यायला दीड वर्ष लागलं. तिथल्या मुलांनी शाळा, अर्ज, दवाखाने कसे निभावले असतील, याचा विचार मला करवत नाही.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक विभागाने 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी एक पोर्टलही निघालं. सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याला दिलाच पाहिजे, आणि बसवलेला अस्सल भाग फोनने नाकारता कामा नये, असं बांधून घालणारा कायदा मात्र अजून नाही. तो हवा. निरोप अडवण्याच्या अधिकारावर आपण जितकं भांडतो तितकंच या कायद्यासाठी भांडलं पाहिजे, कारण उघडता न येणाऱ्या यंत्रात कोण काय ठेवून गेलं हे सांगायला कोणीच उरणार नाही.

तो नातू रविवारी दुकान बंद झाल्यावर काही मुलामुलींना शिकवतो. कामाठीपुऱ्यातून येतात, ग्रँट रोडवरून येतात, एक मुलगी थेट कल्याणहून येते. शिकायला त्यांना बंद पडलेले फोन लागतात, सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि त्यावर नंबर लावावा लागतो. दुसरा घ्यायचा आहे. आमच्या इमारतीतले जुने फोन गोळा करून मी त्याच्याकडे पोचवते, आणि आत्याने सूक्ष्मदर्शकासाठी पैसे देऊ केले आहेत.