तिकिटांच्या इंटरनेट कंपनीचे कारभारी : संचालक मंडळात कोण आणि कोठून?

भुसावळ (प्रतिनिधी) : आरक्षणाच्या खिडकीसमोर पहाटेपासून लागणारी रांग हा भुसावळकरांच्या अंगवळणी पडलेला अनुभव. मध्य रेल्वेच्या या विभागीय मुख्यालयात रेल्वेशी संबंध नसलेले घर शोधूनच काढावे लागते. ती रांग आता बव्हंशी संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर गेली आहे. ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू करणारी आयआरसीटीसी, अर्थात इंडियन रेल्वे कॅटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन, २०१९ पासून शेअर बाजारातही आहे. या कंपनीचा कारभार कोण पाहते, ते कोणत्या पेशातून आले आणि त्याचा सामान्य भागधारकाशी काय संबंध, याचा हा आढावा.

कंपनीची वाटचाल

२७ सप्टेंबर १९९९ रोजी रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत ही कंपनी स्थापन झाली. नावात खानपान आणि पर्यटन असले, तरी तिची खरी ओळख झाली ती तिकिटांमुळे. प्रारंभी इंटरनेटवर काढलेले तिकीट कुरिअरने घरी येत असे. घरीच छापता येणारे ई-तिकीट २००५ मध्ये आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ३२० रुपयांना दिलेला शेअर १४ ऑक्टोबरला मुंबई शेअर बाजारात ६४४ रुपयांवर उघडला. मार्च २०२५ मध्ये कंपनीला 'नवरत्न' दर्जा मिळाला. महसुलात खानपान सेवेचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी नफ्याचा मोठा हिस्सा इंटरनेट तिकिटांवरील सुविधा शुल्कातून येतो.

मंडळाची रचना

सरकारी कंपनीच्या संचालक मंडळात तीन प्रकारचे सदस्य असतात. पहिले पूर्णवेळ संचालक. आयआरसीटीसीत अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, तसेच पर्यटन व विपणन, खानपान सेवा आणि वित्त या विभागांचे संचालक अशी ही पदे आहेत. दुसरे सरकारनियुक्त संचालक. हे रेल्वे मंत्रालयातील अधिकारी असतात. तिसरे स्वतंत्र संचालक. पूर्णवेळ संचालकांची निवड सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाच्या शिफारशीने होते आणि अंतिम मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्णवेळ संचालकांच्या पदनामांत इंटरनेट तिकिटांचा उल्लेखच नाही. ज्या व्यवसायातून सर्वाधिक नफा मिळतो, त्याच्या नावाचे स्वतंत्र संचालकपद मंडळात नाही.

रेल्वे सेवेची परंपरा

अध्यक्षपदावर रेल्वे सेवेतील अधिकारी येणे हा येथील परिपाठ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूत्रे स्वीकारणारे संजय कुमार जैन हे भारतीय रेल्वे वाहतूक सेवेच्या १९९० च्या तुकडीचे अधिकारी. ते सनदी लेखापालही आहेत. त्यापूर्वी ते उत्तर रेल्वेत प्रधान मुख्य वाणिज्य व्यवस्थापक होते. भुसावळच्या वाचकांना ही सेवा अपरिचित नाही. विभागीय कार्यालयातील वरिष्ठ वाणिज्य व्यवस्थापक याच सेवेतून येतात. भाडे, आरक्षण, कोटा, प्रवाशांच्या तक्रारी हे त्यांचे नित्याचे काम. इंटरनेटवरील तिकिटामागे हेच नियम असल्याने या अनुभवाचे मोल कमी लेखता येणार नाही.

तांत्रिक बाजूचा मोठा भार मात्र कंपनीबाहेरच्या संस्थेवर आहे. आरक्षण प्रणाली सांभाळते ती रेल्वेची 'क्रिस' ही १९८६ मध्ये स्थापन झालेली संस्था. आयआरसीटीसीचे संकेतस्थळ या प्रणालीशी जोडलेले आहे. २०१४ मध्ये आलेली नवी ई-तिकीट प्रणालीही क्रिसनेच विकसित केली.

खासगी कंपनीचे चित्र

तुलनेसाठी मुंबईची रेडिफ डॉट कॉम पाहता येईल. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी जून २००० मध्ये अमेरिकेतील नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली आणि २०१६ मध्ये तेथून बाहेर पडली. संस्थापक अजित बालकृष्णन हे कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्थेचे पदवीधर आणि 'रेडिफ्युजन' या जाहिरात संस्थेचे सहसंस्थापक. संगणक क्षेत्रातील पीएसआय डेटा सिस्टिम्सच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. मंडळावर बसलेले अरुण नंदा हे जाहिरात क्षेत्रातले, श्रीधर अय्यंगार हे केपीएमजीच्या भारतीय शाखेचे माजी प्रमुख, तर सुनील फातर्फेकर हे कायद्याच्या क्षेत्रातले. जाहिरात, लेखापरीक्षण आणि कायदा या पेशांचा हा मेळ होता. संगणकतज्ज्ञांचा भरणा या मंडळातही नव्हता. फरक होता तो नेमणूक कोण करतो, यात.

एका दिवसाचा धडा

तो फरक २०२१ मध्ये ठळकपणे दिसला. सुविधा शुल्काचे निम्मे उत्पन्न १ नोव्हेंबरपासून रेल्वेला द्यावे, असे मंत्रालयाने कंपनीला कळविले. २८ ऑक्टोबरला कंपनीने ही माहिती शेअर बाजारांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर पंचवीस टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी मंत्रालयाने निर्णय मागे घेतला आणि भाव बऱ्याच अंशी सावरला. मधल्या काही तासांत घाबरून शेअर विकणाऱ्यांचे नुकसान मात्र भरून निघाले नाही.

मंत्रालय हेच कंपनीचे प्रशासकीय मालक, तेच तिचे धोरण ठरविणारे आणि उत्पन्नात वाटा मागणारेही तेच. डिसेंबर २०२२ मधील भागविक्रीनंतर सरकारचा हिस्सा ६२.४ टक्क्यांवर आला. उरलेला हिस्सा जनतेचा व वित्तसंस्थांचा. त्यांची बाजू मांडण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्वतंत्र संचालकांवर येते.

स्वतंत्र संचालकांची जागा

सेबीच्या नियमानुसार अध्यक्ष कार्यकारी असल्यास मंडळात किमान निम्मे संचालक स्वतंत्र हवेत. सरकारी कंपन्यांत मात्र या नेमणुकाही सरकारच करते आणि त्या अनेकदा रेंगाळतात. २०२३ मध्ये इंडियन ऑइल, ओएनजीसी व गेल या कंपन्यांना पुरेसे स्वतंत्र संचालक नसल्याबद्दल शेअर बाजारांनी दंड केला. नेमणूक आमच्या हाती नाही, असा कंपन्यांचा खुलासा होता.

भागधारकांनी काय पाहावे?

खान्देशाला भागधारकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९४५ मध्ये अमळनेरात सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली आणि शेअर जपून ठेवणाऱ्या अमळनेरकरांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. त्या काळी कारखाना डोळ्यांसमोर होता. इंटरनेट कंपनीचा कारभार असा दिसत नाही. तो वार्षिक अहवालातच वाचावा लागतो.

अहवालातील 'कंपनी सुशासन' हे प्रकरण प्रथम उघडावे. प्रत्येक संचालकाचा पूर्वानुभव, बैठकांतील उपस्थिती आणि अन्य कंपन्यांतील पदे तेथे असतात. मंडळाकडे कोणती कौशल्ये आहेत याचा तक्ता देणेही सूचिबद्ध कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात माहिती तंत्रज्ञानापुढे कोणाचे नाव आहे, स्वतंत्र संचालकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि लेखापरीक्षण समितीचे अध्यक्षपद कोणाकडे आहे, एवढे तपासले तरी पुष्कळ उलगडा होतो. तिकीट काढताना गाडीचा क्रमांक पाहण्याची सवय भुसावळकरांना आहेच. शेअर घेताना ही नावेही तितक्याच काळजीने वाचायला हवीत.