अंगणापासून कुरणापर्यंत : बोर्डी-कोसबाडचे बालशिक्षण

लहान मुलांना घराबाहेर, झाडापानांच्या सहवासात शिकवण्याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा प्रयोग डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे झाला. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तो उभा केला.

ताराबाईंचा बालशिक्षणाशी संबंध भावनगरला आला. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका मॉन्टेसरी पद्धतीने बालमंदिर चालवत होते. या कामाच्या प्रसारासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मात्र या पद्धतीची बालमंदिरे मुख्यतः शहरांतल्या सुस्थित घरांपुरती राहिली, कारण त्यांना लागणारे साहित्य महाग होते. खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोचण्यासाठी ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तेव्हापासूनच या कामात होत्या.

बोर्डीत दोन अडचणी समोर आल्या. पहिली साहित्याची. तिचे उत्तर परिसरातच सापडले. शिंपले, दगडगोटे, बिया, पाने, फुले हेच शिक्षणाचे साहित्य झाले. लहान-मोठे, गुळगुळीत-खरबरीत, हलके-जड हे भेद मॉन्टेसरी पद्धतीत खास बनवलेल्या साधनांतून शिकवले जात. इथे ते वेचून आणलेल्या वस्तू हाताळून, निवडून आणि मोजून कळू लागले. असे साहित्य गोळा करायचे तर मुलांना बाहेर पडावेच लागे, आणि वेचता वेचता झाडे, पाखरे, किडे यांची ओळख होई. त्यामुळे निसर्गपरिचय हा वेगळा तास उरला नाही.

दुसरी अडचण अधिक कठीण होती. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येतच नसत. तेव्हा मुलांनी शाळेत यावे हा आग्रह सोडून शाळाच वस्तीत नेण्यात आली. तिथल्या एखाद्या अंगणात मुलांना जमवून, आधी त्यांची स्वच्छता करून, मग खेळ, गाणी, गोष्टी होत. हीच अंगणवाडी.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. इथल्या मोठ्या मुलामुलींवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची आणि गुरे राखण्याची जबाबदारी असे, म्हणून त्यांना शाळेत येता येत नसे. भावंडांचा प्रश्न विकासवाडीने सोडवला : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्याने तान्ह्या मुलासह त्याची बहीणही शाळेत येऊ शकली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असतील तिथे शिक्षक जात आणि समोर दिसणाऱ्या रानातूनच पाठ सुरू होई. या मुलांना झाडाझुडपांची आणि जनावरांची उत्तम जाण होती. त्या जाणिवेला अक्षरांची व अंकांची जोड देणे हे शिक्षकाचे काम होते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, हे काम चालवले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिची केंद्रे अंगणवाडी या नावाने देशभर पोचली.

या प्रयोगात उघड्यावरचे शिक्षण हौसेतून आले नव्हते; महाग साधने आणि शाळेबाहेर राहिलेली मुले यांवरचा तो उपाय होता. त्यातूनच हे सिद्ध झाले की बालशिक्षणाला इमारतीपेक्षा मुलाचा परिसर ओळखणारा शिक्षक अधिक आवश्यक असतो.