गुरुगृहाचें दार

नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, गोदावरीच्या तीरावर पुणतांबा हें गांव आहे. चांगदेवांची समाधि तेथें आहे. योगबळानें चौदाशें वर्षें जगलेल्या या सिद्धानें, संतपरंपरा सांगते त्याप्रमाणें, अखेर गुरु केलें तें विशीही न ओलांडलेल्या मुक्ताबाईला. त्यांनीं ज्ञानदेवांस पाठविलेलें कोरें पत्र पाहून, इतकीं वर्षें जगूनही हा गृहस्थ कोरा तो कोराच राहिला, असें ती म्हणाल्याची कथा घरोघर ठाऊक आहे. गुरूची जीभ तिखट असावयाचीच, हें आमच्या समाजानें किती सहज मानिलें होतें, याची ही कथा साक्ष आहे. परंतु तिच्यांतील एक गोष्ट विसरली जाते. चांगदेव वाघावर बसून आले असतील; पण आले ते आपण होऊन.

आठ वर्षांची मुलगी नृत्याच्या वर्गास जाते, ती अशी आपण होऊन जात नाहीं. निदान तेथें टिकते ती आईबापांच्या इच्छेनें. बाई फार रागावतात, चुकलें कीं चारचौघींत टोचून बोलतात, असें तिनें घरीं येऊन सांगितलें, म्हणजे आईबापांपुढें पेंच उभा राहतो. मुलीस काढून घ्यावें तर विद्या अर्धवट सुटते. ठेवावें तर मुलगी मनांतून खचते. हा पेंच नवा नाहीं. आमच्या कलांच्या इतिहासांत तो कसा सोडविला गेला, तें पाहूं.

जुन्या गुरुगृहांत हा प्रश्न विचारण्यासच जागा नव्हती. ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं विद्येसाठीं घर सोडिलें आणि ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती मिळविली. अशा शिक्षणांत काय शिकवावयाचें, केव्हां व किती, हें सर्वस्वीं गुरूच्या मर्जीवर असे. शिष्यानें पाणी भरावें, पडेल ती सेवा करावी आणि प्रसन्नतेची वाट पाहावी. या पद्धतीनें थोर गवई निर्माण केले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पोराचे हाल विद्येसाठीं होत आहेत कीं गुरूच्या रागलोभासाठीं, हें ओळखण्याचें कोणतेंही साधन बापाजवळ नव्हतें.

तें साधन बाळकृष्णबुवांच्याच शिष्यानें दिलें. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें त्यांची दृष्टि अधू झाली आणि मिरजेस बुवांच्या हाताखालीं ते गाणें शिकले. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तेथें नेमलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकें, स्वरलिपि आणि परीक्षा आल्या. उपदेशक वर्गांतील विद्यार्थी तेथेंच राहत. किती वर्षें राहावयाचें याचा करार आधीं होई. शिस्त सैल नव्हती. उलट ती कडकच होती. फरक इतकाच कीं, मूल काय शिकतें आहे हें आतां घरच्या माणसांस विचारतां येऊं लागलें. विद्या उघड झाली, तेव्हां शिस्तही तपासतां येऊं लागली.

नृत्याकडे वळलों तर आमच्या मराठी इतिहासांतच तंजावर आहे. दुसरे सरफोजीराजे यांच्या दरबाराशीं संबंध असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चौघां भावांनीं भरतनाट्याच्या धड्यांस व प्रयोगास क्रम लावून दिला. सरफोजींच्या मराठी नृत्यरचना विसाव्या शतकांत आचार्य पार्वतीकुमार यांनीं पुन्हां रंगभूमीवर आणिल्या. या परंपरेंत गुरूच्या हातीं काठी असते खरी, पण ती पडावयाची लांकडाच्या ठोकळ्यावर, तालासाठीं. छडीचें काम तेवढेंच.

पाश्चात्त्य बॅलेचीही हीच गत. पॅरिसच्या ऑपेऱ्याची नृत्यशाळा १७१३ पासूनची. तेथील नृत्यवर्गाचें दगा या चित्रकारानें १८७४ सालीं रंगविलेलें एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यांत झ्यूल पेरो हे वृद्ध नृत्याचार्य काठी टेकून उभे आहेत, एक मुलगी पवित्रा घेऊन दाखवीत आहे, आणि मागें मुलींच्या आया बसल्या आहेत. काठी आणि आई एकाच दालनांत आहेत, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. तथापि आई तेथें बसली म्हणजे सारें साधलें, असेंही नव्हे. त्यांपैकीं पुष्कळ मुली गरीब घरच्या होत्या आणि त्यांच्या पायांवर घरची चूल अवलंबून असे. मूल कमावतें झालें कीं आईचेही डोळे मिटूं लागतात. आमच्या संगीत नाटक मंडळ्यांतून वाढलेल्या बालनटांच्या बाबतींतही हा धोका होताच.

आज २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलास मारणें व मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली आहे. परंतु खासगी नृत्यवर्ग त्या कायद्याच्या अर्थानें शाळा ठरत नाहीं. म्हणून तेथें पहारा आईबापांचाच. पाय पुन्हां पुन्हां घासून घेणाऱ्या, ताल चुकल्यास दहा वेळां तोच तुकडा करावयास लावणाऱ्या बाईंवर रोष धरूं नये. अशा कडकपणावांचून कला येत नाहीं. पण तीच बाई पालक आल्याबरोबर आवाज बदलीत असेल, किंवा वर्गांतलें घरीं सांगूं नको असें मुलीस बजावीत असेल, तर तो कडकपणा विद्येचा नव्हे. शिस्तीस साक्षीदार चालतो. जाचास चालत नाहीं.

लोकांच्या छळानें उद्विग्न होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांस तें उघडण्याविषयीं विनविणारे ताटीचे अभंग मुक्ताबाईचेच आहेत. चांगदेवांस फटकारणारी गुरु तीच आणि बंद दारापुढें उभी राहणारीही तीच. मुलीस वर्गांत घालण्यापूर्वीं आईबापांनीं फी, वेळ आणि परीक्षा यांची चौकशी करावी, हें ठीकच. पण त्याआधीं, आम्हांस केव्हांही येऊन बसतां येईल काय, एवढें विचारावें. उत्तर ऐकल्यावर दुसरें फारसें विचारावें लागणार नाहीं.