बांधकामावरील विद्युत सुरक्षितता : कुरखेडा परिसर

बांधकामाच्या जागी वापरली जाणारी विजेची हत्यारे, यंत्रे आणि तात्पुरती तारजोडणी यांपासून माणसाला धक्का, भाजणे किंवा इजा होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी आणि तिच्यामागचे नियम. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, सती नदीच्या काठी वसलेल्या कुरखेडा तालुक्यात या विषयाचे स्वरूप शहरातल्यापेक्षा वेगळे आहे. इथे बांधकाम म्हणजे मुख्यतः घरकुल, शाळेची खोली, नाली, सिंचन विहीर. कामावर एक मिस्त्री, चार-पाच मजूर आणि शेजाऱ्याच्या घरातून ओढलेली एक वायर. सुरक्षा अधिकारी, फलक, हेल्मेट यांचा पत्ता नसतो. वीज मात्र शहरातल्याइतकीच, 230 व्होल्टची असते.

धानाची कापणी-मळणी आटोपली की कामे सुरू होतात आणि मृगाआधी छत पडावे म्हणून मे महिन्यात घाई होते. स्लॅब टाकताना व्हायब्रेटर, लोखंड कापायला कटर, चौकटीसाठी ड्रिल मशीन, गजांना वेल्डिंग, तराईसाठी पाण्याची मोटर आणि रात्री उशिरापर्यंत काम चालले तर हॅलोजन. यांतील व्हायब्रेटर आणि मोटर सर्वांत धोक्याची. दोन्ही पाण्यात किंवा ओल्या काँक्रीटमध्ये चालतात आणि चालवणारा बहुधा अनवाणी असतो.

कोरड्या कातडीचा विजेला होणारा विरोध पुष्कळ असतो, पण घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या शरीराचा विरोध साधारण 1000 ओहमपर्यंत उतरतो. 230 व्होल्टला अशा शरीरातून सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. सुमारे 10 मिलिअँपिअरलाच हाताची मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही; 30 च्या आसपास श्वास अडखळू लागतो; 50 च्या पुढे सेकंदभर प्रवाह टिकला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. बोर्डातला 5 किंवा 16 अँपिअरचा फ्यूज अथवा एमसीबी या प्रवाहाने ढिम्म हलत नाही. त्याचे काम वायर जळू न देणे एवढेच. "फ्यूज आहे ना" हा बांधकामावरचा सर्वांत घातक दिलासा म्हणावा लागेल.

माणसासाठी असते ते आरसीसीबी, ज्याला वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह सारखा आहे का, हे ते पाहत राहते. 30 मिलिअँपिअर गळती होताच 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणाऱ्याला मात्र तेही वाचवू शकत नाही. त्यावरील चाचणीचे बटण दाबल्यावर खटका पडला नाही, तर ते उपकरण निकामी समजावे. ब्रिटनमध्ये बांधकामावरची हातातली हत्यारे 110 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवण्याची रीत आहे. त्यात जमिनीच्या तुलनेत कोणत्याही तारेवर 55 व्होल्टच राहतात. आपल्या कारखाने अधिनियमानेही टाकी, खड्डा अशा कोंदट जागी 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या हातदिव्याला मनाई केली होती. सिंचन विहिरीत उतरणाऱ्या मजुराची जागा याहून वेगळी नाही; त्याच्या हाती मात्र 230 व्होल्टचा बल्ब दिला जातो.

अर्थिंगची गोष्ट या भागात जास्त नाजूक आहे. बऱ्याच ठिकाणी मातीचा थर उथळ, खाली मुरूम आणि कठीण खडक. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगचा विरोध वाढतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत काम जोरात असते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणे ही कामाच्या दिवसाची सुरुवात असायला हवी. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून किंवा उघड्या तारा काडीने खोचून हत्यार चालवले, तर अर्थिंग असून नसल्यासारखेच. ज्या हत्यारावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ते दुहेरी आवरणाचे. दोन पिनांवर चालण्याचा अधिकार फक्त त्याला.

वायर बारीक असली तर काय होते, हे आकड्यांत पाहावे. 1 चौरस मिलिमीटर तांब्याची 50 मीटर वायर जाऊन-येऊन 100 मीटर होते. तिचा विरोध सुमारे 1.8 ओहम. 10 अँपिअर घेणाऱ्या मोटरला वाटेतच 18 व्होल्ट कमी मिळतात. मोटर तापते, आवरण मऊ पडते, आणि चिखलातला जोड उघडा होतो. 2.5 चौरस मिलिमीटरची अखंड केबल उंच बांधून नेणे हा यावरचा साधा उपाय.

डोक्यावरच्या तारांचा धोका मोठा आहे आणि लक्षात सर्वांत उशिरा येतो. नियमांप्रमाणे इमारत 11 केव्हीच्या तारेपासून आडवी किमान 1.2 मीटर आणि उभी 3.7 मीटर दूर हवी. लघुदाब तारेसाठी उभे अंतर 2.5 मीटर. ही अंतरे तयार इमारतीची आहेत. सळई 12 मीटरची येते, आणि रस्ता ओलांडणारी 11 केव्ही तार जमिनीपासून 6.1 मीटरवर असली तरी नियमात बसते. सळई उभी करताना तोल गेला तर तारेला टेकणारच. इथे शिड्या आणि परांच्या बांबूच्या असतात, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ओला बांबू वीज वाहतो. तारेवर आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा आहे, आणि त्या जोडणीला ना फ्यूज असतो ना अर्थिंग. रानडुकरांसाठी शेताच्या कडेला सोडलेल्या अशाच जिवंत तारेने 2017 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे श्रीनिवास हा वाघ मेला. लाईन गेल्यावर जनरेटर घराच्या वायरिंगला थेट जोडला, तर वीज उलटी डीपीकडे जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच त्यासाठीच असतो.

धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन बंद करावे. 11 केव्ही असेल तर पुरवठा थांबल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये. महावितरणला 1912 वर कळवावे. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि 108 ला फोन करावा. मातीत किंवा वाळूत पुरल्याने करंट उतरतो ही समजूत निखालस खोटी आहे. त्यात वाचवता येण्याजोगी मिनिटे जातात. शुद्धीवर आलेल्यालाही कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावेच, कारण हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

कायद्याचे हात मात्र इथे आखूड पडले. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगारांची कामे, तसेच 10 लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर बांधणारा मालक वगळला. प्रधानमंत्री आवास योजनेत 2016 पासून गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला मिळणारे घरकुलाचे साहाय्य 1 लाख 30 हजार रुपये. म्हणजे तालुक्यातले सर्वाधिक होणारे बांधकामच त्या चौकटीबाहेर राहिले. वर्षात 90 दिवस काम केलेला मजूर कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतो, पण ती मदत अपघातानंतरची. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जागेवर जाऊन घेतले जाते; पंचायत समितीने त्याच वेळी तारांचे अंतर, आरसीसीबी आणि अर्थिंग यांची नोंद घ्यावी, आणि या तीन गोष्टी जागेवर नसतील तर काम थांबवावे.