सुट्या भागांचे वाद्य

लिओ फेंडर यास गिटार वाजवता येत नव्हती. विजेवर वाजणाऱ्या गिटारींच्या जगात ज्याचे नाव घरोघर पोहोचले, तो मनुष्य स्वतः वादक नव्हता, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास खरी वाटत नाही. १९०९ साली कॅलिफोर्नियातील एका संत्रा-बागायतदाराच्या घरी तो जन्मला, हिशेबशास्त्र शिकला, आणि काही काळ त्या राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेब ठेवीत होता. पुढे मंदीच्या दिवसांत नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली सहाशे डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. सरकारी खतावण्यांवर हात बसलेला माणूस वाद्यनिर्मितीकडे वळला, तर तो त्या वाद्याकडे कोणत्या नजरेने पाहील? फेंडरने पाहिले ते दुरुस्तीच्या खर्चाच्या नजरेने, आणि त्याच्या बेस गिटारीचा सारा पुढचा इतिहास या एका नजरेतून निघाला आहे.

बेस गिटार म्हणजे काय हे ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयास हवे. हिला बहुधा चारच तारा असतात, आणि गिटारीच्या खालच्या चार तारांहून त्या एक सप्तक खाली मिळवलेल्या असतात. गेल्या साठ वर्षांतले कोणतेही हिंदी चित्रपटगीत लक्ष देऊन ऐकले, तर तालाच्या खालून चालणारा जो एक घुमारा कानापेक्षा छातीलाच अधिक जाणवतो, तो बहुतेक वेळा हिचा असतो. हिच्यापूर्वी हे काम डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे पोकळ लाकडी वाद्य करीत असे. मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यावयाचे, आणि इतके करून कर्ण्यांच्या व ढोलांच्या गर्दीत ते ऐकूही यावयाचे नाही, ही त्या वादकांची नित्याची रड होती.

यावर उपाय शोधणारा फेंडर पहिला नव्हे. सीॲटल शहरी पॉल टटमार्क याने १९३६ च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स या नावाने पडदे असलेली, आडवी धरून वाजवावयाची विजेची बेस गिटार विक्रीस काढली होती. ती चालली नाही. आज तिचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने उरले आहेत. फेंडरची ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली आली आणि टिकली. पडद्यांमुळे सूर नेमक्या जागी पडतो म्हणून हे नाव. लायनेल हॅम्प्टन याच्या जाझ वाद्यवृंदात मंक मंटगमरी ती वाजवू लागला, तेव्हा रसिकांना हे डबल बेसचे काम करणारे वाद्य आहे हे कळावयास वेळ लागला; पाहावे तर एक जास्तीचा गिटारवाला उभा, आणि ऐकावे तर बेस!

किंमत दोनशे डॉलरांच्या आसपास होती. पण माझ्या मते या वाद्यातील खरी नवलाई आवाजात नव्हती, जोडणीत होती. व्हायोलिन काय किंवा जुन्या घडणीची गिटार काय, तिची दांडी सरसाने धडात कायमची बसवलेली असे. ती वाकली तर कारागिराकडे आठवडेच्या आठवडे पडून राहावे लागे. फेंडरने धड म्हणजे एक भरीव फळी केली आणि दांडी तिला चार स्क्रूंनी जोडली. दांडी बिघडली, चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. आवाज उचलणारा पिकअप बिघडला, दोन ठिकाणचा डाख सोडवा, दुसरा लावा. कारखान्यात दांड्यांचा ढीग एकीकडे आणि धडांचा दुसरीकडे. हाताला येईल ती दांडी हाताला येईल त्या धडावर बसे. कोणत्याही दोन नगांत भेद असू नये, आणि म्हणून कोणत्याही एका नगाचा लोभ धरण्याचे कारण राहू नये, असा हा सरळ व्यवहारी हिशेब होता.

हा हिशेब सुमारे पंचवीस वर्षे बरोबर चालला. १९५७ साली पिकअप दोन तुकड्यांत विभागून एक खाली, एक वर असा बसवण्यात आला. १९६० साली बारीक मानेची, दोन पिकअपांची ‘जाझ बेस’ निघाली. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपली कंपनी सी. बी. एस. या नभोवाणी-दूरचित्रवाणी कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांना विकली. वादक जुनी गिटार विकत घेत ती स्वस्त पडते म्हणून, आणि घेतल्यावर तिला हवे तसे कापीत, कोरीत, रंगवीत. १९७० नंतरच्या दशकात तर मूळचा रंग खरवडून खालचे लाकूड उघडे करण्याची एक लाटच आली होती. यात कुणाला पाप वाटत नव्हते. अवजार आपल्या हाताप्रमाणे करून घ्यावे, एवढीच त्यामागची भावना.

त्या काळच्या धाडसाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला जाको पास्टोरियस याचा. त्याने १९६२ सालच्या एका जाझ बेसचे पडदे उपटून काढले, त्यांच्या खाचा बुजवल्या, आणि बोटांखालच्या पट्टीवर नावांना लावतात त्या जातीचा टणक रोगण चढवला. १९७६ साली त्याची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा बेस गिटार माणसासारखी गाऊ शकते हे लोकांना कळले. आजच्या एखाद्या संग्राहकापुढे तेच काम कुणी करू लागला, तर तो त्याचा हात धरील.

कारण मधल्या काळात बाजार फिरला होता. सी. बी. एस.च्या कारकीर्दीत वाद्ये जड झाली, दांडी आणि धड यांच्या सांध्यात फटी दिसू लागल्या, अशी तक्रार वाढली. सारीच वाईट होती असे नव्हे. पण समज पसरला तो पसरला. ‘सी. बी. एस.पूर्व’ हा शब्द बाजारात रूढ झाला, आणि १९६५ हे साल एखाद्या शकाप्रमाणे मोजले जाऊ लागले. जे वाद्य सुटे भाग बदलता यावेत म्हणून जन्मले, त्याची किंमत आता एकही भाग बदललेला नाही यावर ठरू लागली. मूळचा रंग काढून दुसरा दिला असेल तर मोल साधारण निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे. एखाद्या वादकाने तीस वर्षे रोज वाजवून, झिजलेले पडदे बदलून, बिघडलेले बटण नवे लावून जे वाद्य जिवंत ठेवले, ते बाजारात ‘खराब’ ठरते. ज्याने पलंगाखाली पेटीत ठेवून कधी हात लावला नाही, त्याचे वाद्य ‘उत्तम’!

असे वाद्य घेताना गिऱ्हाईक जी तपासणी करतो, ती पाहून कारकुनी करणाऱ्या माणसास घरी आल्यासारखे वाटते. प्रथम चार स्क्रू काढून दांडी सोडवावयाची. तिच्या टाचेवर पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख घातलेली असते. मग आतली बटणे पाहावयाची. त्यांच्या पाठीवर कोरलेल्या आकड्यांतले पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, आणि पुढच्यांत वर्ष व आठवडा. १३७ असेल तर सी. टी. एस., ३०४ असेल तर स्टॅकपोल. धडाला लावलेल्या पत्र्यावर अनुक्रमांक असतो, पण त्यावर विसंबून चालत नाही. पत्रेही ढिगातून हाताला येतील तसे लावले जात, त्यामुळे आधीचा क्रमांक नंतरच्या नगावर सापडतो. शेवटी डाखाच्या ठिपक्यांकडे पाहावयाचे: ते जुन्या हाताचे आहेत की कुणी पुन्हा तापवले आहेत? टिपणीवर टिपणी ताडून पाहत फाइल खरी की बनावट हे ठरवण्याचाच हा प्रकार, फक्त फाइल चार-साडेचार किलो वजनाची.

या तपासणीतून एक चांगली गोष्ट निघाली आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. कारखान्यातील मजुरांची नावे इतिहासात आली. पहिल्या वर्षांतील दांड्यांच्या टाचेवर ‘टी. जी.’ अशी पेन्सिलीची अक्षरे सापडतात. ती ताडेओ गोमेझ या कामगाराची. १९५६ साली कामावर लागलेली ॲबिगेल इबारा ही बाई पिकअपांवर तांब्याची केसासारखी तार गुंडाळीत असे. २०१३ साली ती निवृत्त झाली, तोपर्यंत तिच्या आद्याक्षरांचे पिकअप लोक जादा पैसे देऊन शोधू लागले होते. मालकाला ज्यांचे हात एकसारखे चालावयास हवे होते, त्या हातांतील वेगळेपण गिऱ्हाइकाने नंतर हुडकून काढले.

बाजाराच्या इतर लहरी मात्र हसू आणणाऱ्या आहेत. साध्या तपकिरी-पिवळ्या छटेखेरीज दुसरा रंग हवा असेल, तर फेंडरचा कारखाना शेकडा पाच जादा घेत असे. ते रंग मोटारींचेच असत. आज त्याच पाच टक्क्यांपायी किंमत कितीतरी पटींनी चढते. आणि १९९५ सालापासून तर त्याच नावाच्या कंपनीने नवी वाद्ये मुद्दाम घासून, रंग उडवून, गंज चढवून विकावयास काढली. झीज विकत मिळू लागली!

वाजवण्यासाठी घेणारा गिऱ्हाईक अजूनही निराळा असतो. तो तारखा पाहत नाही. तो सर्वांत बारीक तारेवर पाचव्या-सहाव्या-सातव्या पडद्यांशी एकेक सूर छेडून थांबतो, कारण पुष्कळ फेंडर बेसमध्ये तिथे कुठेतरी एक मुका सूर असतो. इतर सूर घुमत राहतात आणि हा मध्येच विझतो. मग तो वाद्य पट्ट्याने खांद्यास अडकवून निदान पंधरा मिनिटे उभा राहतो. १९७० नंतरची काही वाद्ये पाच किलोंच्याही वर जातात, आणि रात्रभर वाजवणाऱ्याचा खांदा कोणत्याही दाखल्यापेक्षा अधिक खरे बोलतो. विकण्याचे कारण विचारले तर शोकीन मंडळी नाना गोष्टी सांगतात. त्यांत वजन आणि दुसरे एखादे वाद्य नजरेत भरणे ही दोन कारणे बहुधा खरी असतात. विकल्यावर वर्षाच्या आत तेच वाद्य परत मिळेल का म्हणून विचारणा करणारेही थोडे नाहीत.

पैशाची अडचण मात्र नेहमीच वाईट सल्ला देते असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती, ती १९५९ साली उठली; पण किंमत उतरली नाही. १९६१ साली हँबर्ग येथे पॉल मॅकार्टनीस बेस गिटार हवी होती, तेव्हा फेंडर शंभर पौंडांच्या घरात होती, आणि त्याच्यापाशी होते तीसेक पौंड. तेवढ्यात हॉफ्नर या जर्मन घराण्याची व्हायोलिनच्या आकाराची बेस आली. शिवाय तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ती उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. पुढे तिचा आकार साऱ्या जगाने ओळखला. १९७२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका मोटारीतून ती चोरीस गेली. चोराने ती किरकोळ मोबदल्यात एका मद्यगृहाच्या मालकास दिल्याचे पुढे शोध करणाऱ्यांना आढळले. ससेक्समधील एका घराच्या माळ्यावर ती सापडली, आणि मूळ मालकाकडे परत आल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले.

आपल्या देशाचा या कथेशी संबंध येतो तो लाकडातून. १९५९ पासून फेंडरच्या दांडीवरील पट्टी ब्राझीलच्या शिसवीची असे. पुढे १९६० नंतरच्या दशकातच तिची जागा भारतीय शिसवीने घेतली, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतील पलंगांची आणि कपाटांची तीच काळसर जांभळी शिसवी. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत, त्यामुळे त्या काळची बेस देशाबाहेर विकावयाची तर परवाना हवा. २०१७ च्या आरंभी भारतीय शिसवीसह तिच्या जवळजवळ सर्व भाऊबंदांवर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. मधल्या अडीच-तीन वर्षांत वापरलेले वाद्य परदेशी विकणाऱ्यास, पट्टी कोणत्या झाडाची हे कागदावर सिद्ध करावे लागे. मायदेशी फळी म्हणून गेलेली शिसवी वाद्याच्या पट्टीच्या रूपाने परत यावयाची तर तिलाही कागदपत्रे लागत.

एक वाद्य मात्र अद्याप सापडलेले नाही. डेट्रॉइट येथील मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ सालची प्रिसिजन बेस वाजवीत असे. उजव्या हाताचे एकच बोट तो तारांवर चालवी, आणि तुटल्याखेरीज तार बदलीत नसे. कित्येक वर्षे ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर तेथील वादकांची नावेच छापत नसत. त्याचे नाव प्रथम आले ते १९७१ साली. २ ऑगस्ट १९८३ रोजी तो वारला. त्यापूर्वी थोडेच दिवस ती बेस त्याच्या घरातून चोरीस गेली होती. पास्टोरियसची बेस १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेली ती वीस वर्षांनी एका दुकानात निघाली, आणि २०१० साली रॉबर्ट त्रुहियो या वादकाच्या पैशाने कुटुंबाचा दुकानदाराशी चाललेला वाद मिटला. पण तिच्यावर त्या रोगणाच्या पट्टीची खूण होती. जेमर्सनची बेस हजारो इतर प्रिसिजन बेसांसारखीच होती. जुनी वाद्ये मोडून त्यांचे भाग वेगवेगळे विकले, तर एकूण रक्कम पुष्कळदा जास्त येते, आणि हा धंदा आजही चालतो. तेव्हा तिची दांडी एकीकडे, धड दुसरीकडे आणि पिकअप तिसऱ्याच कुणाच्या वाद्यात असण्याचा संभव आहे, आणि त्या तिघांपैकी कुणालाही आपल्या हाती काय आहे याची कल्पना नसेल. चार स्क्रू काढावयास पाच मिनिटेही लागत नाहीत.